दम ऐकू आला पाहिजे

प्रिय अनय आणि मीरा,

तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. ओहायोतलं ते अवाढव्य स्टेडियम, लाल कपड्यांतली माणसं, पितळी वाद्यांचा बँड आणि मध्येच भिंतीएवढ्या पडद्यावर आलेली अक्षरं: आवाज करा! त्याबरोबर सगळे जण असे ओरडले की माझ्या हातातला फोन थरथरला. मीराचे म्युझिक फेस्टिव्हलचे फोटोही पाहिले. गुडघाभर चिखलात उभी राहून पोर हसतेय. सगळं छान होतं. खाली अनयनं लिहिलेलं वाक्य मात्र छान नव्हतं. "आजी, तुमच्याकडे असं लाइव्ह काही असतं का, की तुम्ही सगळं टीव्हीवरच बघता?"

बाळा, मी चारकोपला राहते, संग्रहालयात नाही.

म्हणून हे आजच लिहायला बसले आहे, राग गार व्हायच्या आत. तुमच्या स्टेडियमवरचा पडदा लोकांना आवाज करायला सांगतो. आमच्या मैदानावर एक बाई होती, जी सगळ्यांना गप्प बसायला सांगायची, आणि माणसं गप्प बसायची. तिची गोष्ट तुम्हाला माहीत असावी असं मला वाटतं.

इंदू वाघमारे आमच्याच ओळीत, दोन घरं सोडून राहते. तुम्ही लहानपणी आला होतात तेव्हा बुद्धपौर्णिमेची खीर घेऊन आलेली ती उंच आजी, तीच. तिच्या गळ्यात बारीक सोन्याची साखळी आहे, ती कुणाला दिसत नाही. साखळीच्या वर काळ्या दोरीत शिट्टी असायची. ती दिसायची आणि ऐकूही यायची. पोस्टात नोकरी, नोकरीत कबड्डी, आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर परीक्षा देऊन कबड्डीची पंच, असा तिचा प्रवास. पुढे ती पंचांचीही प्रमुख झाली. त्याला आमच्याकडे सरपंच म्हणतात. "गावात सरपंच निवडून येतो," ती सांगायची, "मैदानावर अभ्यास करून व्हावं लागतं."

मैदान संपलं तरी तिची पंचगिरी संपायची नाही. भाजीच्या रांगेत कुणी मध्ये घुसलं की शिट्टी. सोसायटीच्या सभेत कुणी पाण्याच्या विषयात स्वतःच्या सुनेचा विषय घातला की शिट्टी, आणि वर हात करून, "रेषा ओलांडली! बाद!" एकदा आमच्या डॉक्टरांनी तिला खोल श्वास घ्या म्हणून सांगितलं आणि ते मध्येच फोनवर बोलायला लागले. इंदूनं श्वास रोखून धरला होता. फोन लांबला. शेवटी तिनं दवाखान्यात शिट्टी वाजवली. बाहेर बसलेले सगळे पेशंट उठून उभे राहिले.

आता पुढची गोष्ट समजायची तर कबड्डीतली एक गोष्ट समजायला हवी. खेळाडू समोरच्या संघाच्या हद्दीत एकटा शिरतो, त्याला चढाई म्हणतात. जाताना त्यानं एका श्वासात "कबड्डी कबड्डी कबड्डी" म्हणत राहायचं, परत येईपर्यंत. हा झाला दम. मध्ये श्वास घेतला तर दम तुटला, खेळाडू बाद. आणि तो दम मनात म्हणून चालत नाही. पंचाला ऐकू आला पाहिजे. इंदूचं सगळं तत्त्वज्ञान या एका वाक्यात होतं. टीव्हीवर कबड्डी लागली की ती पाठ करून बसायची. "दिवे आहेत, गाणी आहेत, धूर आहे. दम कुठाय? मला एकाचा तरी दम ऐकव, शैला."

हा नियम कबड्डीपुरता असतो, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

बोरिवलीला नाट्यसंगीताच्या कार्यक्रमाला मी तिला घेऊन गेले होते. दुसऱ्या रांगेत बसलो. गायकांनी एक तान घेतली. काय तान होती! वर गेली, वळली, खाली आली, पुन्हा वर. मी डोळे मिटले. शेजारी इंदूही गायकांबरोबर श्वास रोखून पुढे झुकून बसली होती. गायकांनी समेवर येण्याआधी हळूच श्वास घेतला आणि माझ्या कानाशी फुर्रर्र झालं. तबला थांबला. सगळं सभागृह आमच्याकडे बघायला लागलं. मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

गायक मोठे खेळकर. माइकवरून म्हणाले, "बाई, मी बाद का?"

इंदू उभी राहिली. "हो. दम तुटला. पण चढाई झकास होती."

"मग वन्स मोअर तरी मिळेल?"

"घ्या की. आता पोटातून घ्या."

टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. त्यांनी तीच तान पुन्हा घेतली आणि या वेळी श्वास न घेता समेवर आले. इंदूनं एक बोट वर करून त्यांना गुण दिला. परतताना रिक्षात ती म्हणाली, "बघ, सांगितलं की जमतं माणसाला. कुणी सांगतच नाही."

दुसरी गोष्ट शालीची. तुमच्याकडे कुणाचं कौतुक करायचं असेल तर काय करतात मला माहीत नाही. आमच्याकडे सत्कार करतात. व्यासपीठावर बोलावतात, अंगावर शाल घालतात, हातात नारळ देतात, फोटो काढतात. इंदूला शालीची अशी धास्ती होती, जशी मांजराला पाण्याची. "शाल घातली की माणूस झाकला जातो," ती म्हणायची. "कॅरमच्या जोशींना घातली. पुढच्या वर्षी कुणी खेळायला बोलावलं? रांगोळीच्या नलूताईंना घातली. आता रांगोळी स्टिकरची. सत्कार म्हणजे काय, तर या आता तुम्ही."

मला हे पटत नव्हतं. पण जोशी आणि नलूताई खरंच घरी बसले होते, हेही खरं होतं.

आमच्या सेक्टरचं मंडळ दर वर्षी महिला दिनाला तिला गाठायचा प्रयत्न करायचं. एकदा तिला न सांगता माइकवरून नाव पुकारलं. इंदू व्यासपीठावर गेली, पाहुण्यांच्या हातातली शाल घेतली, झटकली, आणि माइकच्या दांड्याला गुंडाळून म्हणाली, "याचा करा. वर्षभर सगळ्यांचं ऐकून घेतो." नारळ मात्र घरी नेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या वड्या आमच्याकडे आल्या.

आता म्युझिक फेस्टिव्हलची गोष्ट, म्हणजे मीराला आम्ही अगदीच मागासलेल्या वाटणार नाही. माझ्या भाचीनं पास दिले होते. जुहूला समुद्राजवळच्या एका मोठ्या हिरवळीवर कार्यक्रम होता. मनगटावर कागदी पट्टे बांधून आम्ही दोघी म्हाताऱ्या आत गेलो. पोरांनी वाट करून दिली, एकानं खुर्च्या आणून दिल्या, एका मुलीनं आमच्याबरोबर फोटो काढला. गायिका आली, चमचमता झगा, सळसळतं अंग. ढोलाचा ठोका छातीत लागत होता. मला मजा येत होती. इंदू मात्र कपाळाला आठी घालून तिच्या ओठांकडे बघत होती.

"तोंड हलतंय," ती म्हणाली. "दम नाही."

"अगं, गातेय ती."

"टेप चालू आहे. ती नुसतं तोंड हलवते." आणि मी हात धरायच्या आत शिट्टी.

काळ्या कपड्यांतला सुरक्षारक्षक धावत आला. "क्या हुआ आंटी? तबियत ठीक है?"

"मेरी ठीक है. उसकी देखो. वो बाई खाली तोंड हिला रही है. हमारे में इसको बाद बोलते."

आजूबाजूची पोरं खिदळायला लागली. "आंटी रॉक्स" म्हणून कुणीतरी ओरडलं. तेवढ्यात गंमत अशी झाली, की गायिकेनं हात वर करून सगळी वाद्यं थांबवली, मंचाच्या कडेला आली आणि एक ओळ नुसत्या गळ्यावर गायली. बारीक, स्वच्छ आवाज. हजारो माणसं चूप. माझ्या अंगावर काटा आला.

इंदू मला कोपरानं ढोसून म्हणाली, "बघ. टेप बंद पडली. आता तर नुसतीच उभी आहे."

मी पोट धरून हसले. मला वाटलं, चूक कबूल करायची नाही म्हणून बाई थापा मारतेय. घरी येईपर्यंत मी तिला चिडवलं. ती वाटेवरचे दिवे बघत राहिली. मला वाटलं, रुसली.

आता मुख्य गोष्ट.

आमच्या सेक्टरच्या मैदानावर दर जानेवारीत मुलींची कबड्डी स्पर्धा होते. तांबडी माती, चुन्याच्या रेषा, बसायला सतरंज्या. इंदू पहिल्यापासून पंच. गेल्या वर्षी मंडळाचा सचिव नवा होता, पराग. पोरगा वाईट नाही. त्याला सगळं मोठं करायचं असतं, एवढंच. त्यानं सभेत सांगितलं की या वर्षी नुसती कबड्डी नाही, म्युझिक आणि स्पोर्ट्स एकत्र. एलईडी पडदा, डीजे, खाण्याचे स्टॉल. "चढाई चालू असताना बीट पण चालू. फुल एनर्जी."

शिट्टी वाजली.

"चढाई चालू असताना गाणं?" इंदू उभी राहिली. "मग दम कसा ऐकायचा?"

"इंदूताई, आता कोण दम ऐकतं? लोकांना एंटरटेनमेंट पाहिजे यार."

"मला यार म्हणू नकोस. तुझ्या आईची मी याच मैदानावर पकड केलीय."

सभा हसली, परागही हसला. पण ठराव मंजूर झाला.

स्पर्धेच्या दिवशी मैदानाच्या कोपऱ्यात डीजे आला. डीजे सँडी, म्हणजे संदीप. डोक्यावर उलटी टोपी, पुढ्यात कळा आणि बटणांचं टेबल, दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर. इंदू आधी त्याच्याकडे गेली.

"चढाई सुरू झाली की थांबवायचं."

"मॅडम, मध्ये थांबवता येत नाही. ड्रॉप असतो."

"म्हणजे काय?"

"म्हणजे बघा, गाणं वाढत वाढत वर जातं, आणि मग एकदम धाडकन खाली."

"म्हणजे जिन्यावरून पडल्यासारखं. कळलं. थांबवायचं."

त्यानं थांबवलं नाही. पहिला सामना सुरू झाला. पहिली मुलगी चढाईला गेली, गाणं धडधडत होतं, मुलीचे ओठ हलत होते. इंदूनं शिट्टी वाजवून हात वर केला. "दम ऐकू आला नाही. बाद." समोरच्या संघानं टाळ्या पिटल्या. मग त्यांची मुलगी गेली. "दम ऐकू आला नाही. बाद." आता टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. तिसरी, बाद. चौथी, बाद. चढाईला जाईल ती मुलगी बाद होऊन बाहेर. एक बाहेर जाऊन बसते तोवर दुसरी जिवंत होऊन आत, खेळ असा उरलाच नव्हता. पडद्यावर आतषबाजी चालू होती.

पराग धावत आला. मागोमाग पांढरे बूट घातलेले स्पॉन्सर. "इंदूताई, काय लावलंय? वाट लागली सगळ्या प्रोग्रॅमची!"

"नियम लावलाय. पंचाला दम ऐकू आला पाहिजे."

"दुसरा पंच बोलावू आम्ही."

"बोलाव. त्याला विचार, ऐकू येतं का."

मला वाटलं, आता तिला हाकलतात. पण दोन्ही संघांच्या कॅप्टन पुढे आल्या. एक म्हणाली, "दादा, आम्हाला आमचाच आवाज येत नाही." दुसरी म्हणाली, "बंद करा ना ते. डोकं उठलंय." मग सतरंजीवरच्या आयाही उठल्या, आणि चारकोपच्या आया उठल्या की पांढरे बूट मागे सरकतात.

पराग चतुर. तो इंदूला बाजूला घेऊन म्हणाला, "ठीक आहे. चढाई सुरू झाली की म्युझिक बंद, फायनलपर्यंत. पण माझी पण एक अट. फायनल झाली की स्टेजवर तुमचा सत्कार. शाल घ्यायची. आणि पुढच्या वर्षीपासून नवीन पंच."

मी जवळच उभी होते. मला खात्री होती की ती आता शिट्टी वाजवणार, किंवा परागला पकडणार, किंवा दोन्ही. तिनं मैदानाकडे पाहिलं. खोळंबलेल्या मुली पाण्याच्या बाटल्या फिरवत होत्या.

"चालेल," ती म्हणाली. "घाल शाल."

मुलांनो, मी तिला इतकी वर्षं ओळखते. इंदूनं काही मान्य केलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

गाणं थांबलं. आणि खरं सांगते, तुमच्या स्टेडियमवर सगळे ओरडतात तेव्हा जे होतं ना, तसंच काहीसं आमच्याकडे सगळे गप्प झाल्यावर झालं. मुलगी मधली रेषा ओलांडायची, संदीप कळ खाली ओढायचा, आणि त्या एवढ्या गर्दीत एका मुलीचा श्वास ऐकू यायचा. कबड्डी कबड्डी कबड्डी. भेळवालासुद्धा चमचा हातात धरून थांबायचा.

फायनल चारकोप आणि नाहूर. आमची साक्षी शेवटच्या चढाईला गेली तेव्हा दोन्ही संघांचे गुण सारखे होते. साक्षी म्हणजे इंदूनंच घडवलेली मुलगी, बारीक चणीची, आवाजही बारीक. ती आत शिरली. सगळं मैदान कान झालं होतं. ती डावीकडे गेली, हुलकावणी दिली, एकीला पायानं शिवली, आणि वळताना तिच्या घशात "कब" अडकलं. छोटीशी फट. एक चोरटा श्वास. मग पुन्हा "कबड्डी कबड्डी", आणि ती रेषेवर झेपावली.

मला ऐकू आलं. माझ्या शेजारच्या बाईंना ऐकू आलं. भेळवाल्याला ऐकू आलं.

इंदूनं हात वर केला नाही. तिनं गुण चारकोपला दिला.

नाहूरच्या मुली तिच्याभोवती गोळा झाल्या. "ताई, दम तुटला! सगळ्यांनी ऐकलं!" आमचे लोक मात्र उड्या मारायला लागले होते. "पंचाचा निर्णय अंतिम!" कुणीतरी ओरडलं. ते नियमाला धरूनच होतं. पराग शाल घेऊन पायऱ्यांपर्यंत आला होता.

इंदू एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. नाहूरच्या कॅप्टनकडे. माझ्याकडे. मी मान खाली घातली असावी. मग ती साक्षीसमोर जाऊन उभी राहिली.

"दम तुटला का गं?"

साक्षी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. मग तिनं मान हलवली. हो.

इंदूनं शिट्टी वाजवली. लांब. साक्षीला बाद दिलं, गुण नाहूरला. आमच्याकडून असा गलका झाला की विचारू नका. ती गलका संपायची वाट बघत उभी राहिली. मग तिनं पुन्हा हात वर केला आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"पंच बाद," ती म्हणाली. "दम चालू होता की तुटला, मला ऐकू आलं नाही. नियम सगळ्यांना एकच."

शिट्टी गळ्यातून काढून तिनं दुसऱ्या पंचांच्या, रूपालीच्या हातात दिली, आणि बाद झालेल्या मुली बाहेर ज्या रांगेत बसतात, तिथे जाऊन मातीत मांडी घालून बसली. मुलींनी सरकून जागा दिली.

पराग शाल घेऊन तिच्यासमोर वाकला. "इंदूताई, चला ना स्टेजवर. कबूल केलंय तुम्ही."

"सत्कार कुणाचा ठरला होता?"

"पंचाचा."

"पंच बाद झाली. आता कुणाचा करतोस?"

"अहो, पण..."

"पण नाही. मी मेले नाही, बाद झालेय. कबड्डी कळते का तुला? बाद झालेला गडी बाहेर बसतो आणि परत जिवंत होऊन आत येतो. ती शाल माझ्यावर टाकशील तर बघ. घडी कर तिची."

त्यानं घडी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे गेले. बेल वाजवली, दार उघडेना. पुन्हा वाजवली. खिडकीतून बघितलं तर ती दाराकडेच तोंड करून बसली होती, शेंगा सोलत. मी खिडकीची जाळी हलवली तेव्हा तिचं लक्ष गेलं.

"किती वेळ आहेस?" तिनं दार उघडत विचारलं.

"किती दिवस आहे हे, इंदू?"

ती उत्तराऐवजी माझ्या उजव्या बाजूला आली, म्हणजे मी तिच्या डाव्या हाताला येईन अशी. "इकडून बोल. इकडून थोडं येतं."

चहा झाल्यावर तिनं सांगितलं. घरात कळायचंच नाही, कारण घरात बोलणारं कोणी नव्हतं. मुलगा नाशिकहून फोन करायचा, ती "हो, हो" म्हणायची. एकदा त्यानं विचारलं होतं की आई, पडलीस का, आणि त्यालाही ती हो म्हणाली होती. तो रातोरात निघून आला होता. मैदानावर मात्र चालून जायचं. मुलींच्या बरगड्या दिसायच्या, गळ्याची शीर दिसायची, बहुतेक वेळा दम त्यावरून कळायचा.

"मग गाण्याशी एवढं भांडलीस ते?"

शेंगेचं फोल तिनं बोटात चुरडलं. "मला वाटलं, गाण्यामुळेच असेल. त्या जुहूच्या कार्यक्रमातसुद्धा मला वाटलं, एवढा धडधडाट आहे, म्हणून. गाणं बंद कर म्हटलं, म्हणजे एकदा कळेल तरी." तिनं नवी शेंग घेतली. "बंद केलं त्यानं. मग पहिली चढाई झाली. सगळे किती गप्प होते, नाही का? मला ते त्यांच्या तोंडांवरून कळलं."

मीही शेंगा सोलायला घेतल्या.

"शाल तरी चुकली," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की सोललेले दाणे सांडले.

पुढे तिनं यंत्र घेतलं. कानात घातलं की फोडणी तडतडते ती तोफेसारखी आणि माणसांचं बोलणं येतं ते विहिरीतून, अशी तिची तक्रार आहे. ते बहुतेक वेळ डबीत असतं. मी तिच्या डाव्या बाजूला बसते.

यंदाच्या स्पर्धेआधी परागनं सभेत सुचवलं की आता इंदूताई पंच नाहीत, तर म्युझिक चालू ठेवायला हरकत नसावी. शिट्टी नव्हती, म्हणून इंदूनं टेबलावर स्टीलचा पेला आपटला. "तो नियम माझ्यासाठी नव्हता. दमासाठी होता. मला ऐकू येत नाही म्हणून रूपालीलाही येऊ नये का?" मग ती संदीपकडे वळली. "तुझ्या टेबलाशी मला एक खुर्ची ठेव."

"कशाला मॅडम?"

"तुझं लक्ष नाचणाऱ्यांकडे असतं. माझं रेषेकडे."

जानेवारीत ती तिथे बसली. उलट्या टोपीशेजारी पांढरी वेणी. मुलीचा पाय मधल्या रेषेपलीकडे पडला की इंदूचा हात कळ खाली ओढायचा, आणि मुलगी परतली की वर. एकदाही उशीर नाही, एकदाही घाई नाही. ड्रॉप आला असो की जिना, गाणं जागच्या जागी थांबायचं. संदीपनं आधी कुरकुर केली. मग मला दिसलं की त्यानं कानांवरचा हेडफोन काढून ठेवलाय आणि तो चढाई ऐकतोय. इंदू कळेवर हात ठेवून रूपालीच्या चेहऱ्याकडे बघत बसायची. ती शांतता तिच्या हातात होती आणि तिला सोडून सगळ्यांना ऐकू येत होती.

साक्षी चढाईला गेली तेव्हा इंदूनं मला ढोसलं. "कसा आहे दम?"

मी तिच्या डाव्या कानाशी तोंड नेलं. "लांब आहे. चालू आहे अजून."

तिनं एक बोट वर केलं.

मैदान आहे. तांबडी माती आहे. चारकोपला दर जानेवारीत मुली कबड्डी खेळतात, आणि चढाई सुरू झाली की गाणं अजून थांबतं.

तुमची,
आजी